इंत्रूजची कढई

वॉल्टरच्या पहिल्या पोराचा बाप्तिस्मा झाला, ते साल १८८७. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी ठाण्याच्या देवळात बाळानं असा टाहो फोडला, की पाद्रीबाबा काय सांगताहेत ते घरातल्या कुणालाच ऐकू आलं नाही.

मंगळवारी सगळे बाळाला घेऊन त्याच्या धर्ममातेकडे गेले होते. घरी एकटी वॉल्टरची बहीण उर्सुला, बीफच्या गोळ्याला मीठ चोळत बसलेली. दारात भाजीची टोपली घेऊन एक तरुण उभा राहिला. घामेजलेला, कानामागे वालाचं फूल...

"मी बॉस्को, कळव्याचा. कोबी, गाजर, फरसबी. वॉल्टरनं सांगितलेली."

"ठेव. उद्याच्या जेवणाला हवी."

"मांसही उद्याच?"

"मग काय, उपास धरू?"

"धरावाच लागेल, बाय. उद्या राखेचा बुधवार!"

उर्सुलाच्या मुठीतलं मीठ सांडलं. म्हणजे आजच इंत्रूज, मांस खायचा शेवटचा दिवस! उद्यापासून ईस्टरपर्यंत मांस बंद, सोयरिकीही बंद. ऊन तर अंगणाच्या टोकाला गेलेलं. एवढा गोळा शिजणार कधी?

"पातळ कापते," ती उठली. "धाग्याला आडवं. मोठ्या जाळावर चटकन होईल."

"भाजी मी चिरतो."

"तुला घाई नाही?"

"आहे ना. मी घरी पोचलो, की आय माझ्यासाठी मुलगी पक्की करायला निघणार. आजच."

सुरी थांबली. "मग इथं गाजरं काय चिरतोस?"

"तेच कळत नाही..." तो हसला. "तू हाकल की!"

तिनं हाकललं नाही.

झावळ्यांचा जाळ भडकला. तापल्या तेलात लसूण, मग मांस — चर्रर्र! बाटलीमसाल्याच्या ठसक्यानं दोघं शिंकली, हसली. ती ढवळत होती, तो मुठीमुठीनं भाजी टाकत होता. बोटाला बोट लागलं... दोघांनीही मागे घेतलं नाही.

"कोबी करपेल," तो पुटपुटला.

"करपू दे."

तेवढ्यात माणसं परतली. घाईघाईत पानं मांडली. उर्सुलाच्या आयनं घास घेतला. "झकास झालंय! हा कोण गं?"

उर्सुलाचे कान तापले. आज गप्प राहिली, तर ईस्टरला हा दुसरीचा.

"आय... हा मला हवा."

आयचा घास तोंडातच राहिला. "आणि तुला रे?"

"मी घरी पोचलो नाही, ते काय उगीच?"

"वॉल्टर, ऊठ! हात मागून धू. ह्याच्या आयला होडीनं घेऊन ये!"

बॉस्कोची आय आली ती लेकाला शिव्या घालतच. मग उर्सुलाकडं नीट पाहिलं, कढईत डोकावली. "माझ्यासाठी उरलंय का काही?"

त्याच संध्याकाळी बोलणी पक्की झाली; ईस्टरनंतर लग्न. बॉस्को १९१८ च्या तापाच्या साथीत गेला. उर्सुला १९२९ च्या मार्चमध्ये वारली.