दुसऱ्या कंपनीचं इंजिन

टिळकवाडीतल्या बंगल्यापुढची हिरवळ मार्तंड वकील दर रविवारी स्वतः कापायचे. गवत कापायचं यंत्र त्यांच्या वडिलांनी घेतलेलं. त्याचं इंजिन इतकं झिजलं होतं की संथ चालताना दर चौथा ठोका गिळायचं. धक्, धक्, धक्, मग नुसती पोकळी.

"मिस मारतं, पण थांबत नाही," मार्तंड कौतुकानं म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, स्वरूपाला, हे कौतुक बावळटपणाचं वाटायचं. तिनं उभी हयात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. कौतुकानं पिस्टन सुधारत नाही, हे तिला ठाऊक होतं. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून यंत्र ढकलायला माळी येई आणि मार्तंड व्हरांड्यात बसून आवाज ऐकत. एका रविवारी इंजिन धुरानं भरून बंद पडलं, तेव्हा तिनं वडगावच्या परशरामला बोलावलं. तो यंत्रमागांच्या मोटरी दुरुस्त करायचा.

"ह्या कंपनीनं हे इंजिन कवाच बंद केलंय, आक्का. दुसऱ्या कंपनीचं बसवाय लागंल. बसतंय, पण कंपनी बदलली की जरा..."

"जरा काय?"

"वळण बदलतंय."

"इंजिनाला कंपनी कळत नाही," स्वरूपा म्हणाली. "शाफ्ट फिरला म्हणजे झालं."

नव्या इंजिनाची भोकं जुन्या पायाशी जुळेनात. परशराम वितीनं मापं घेऊ लागला, तेव्हा तिनं त्याला बाजूला सारून पुठ्ठ्यावर आकृती काढली आणि मधे घालायच्या लोखंडी पट्टीला कुठं भोकं पाडायची ते आखून दिलं. पट्टी पहिल्याच खेपेला बसली. तिला त्याचा आनंद वगैरे झाला नाही. उत्तर बरोबर आल्याचा आनंद, तिच्या मते, फक्त ढ मुलांना होतो.

जुन्या इंजिनाच्या पेट्रोलच्या नळीला हळदीचा दोरा होता. खंडेनवमीला मार्तंड बांधायचे तो. परशरामनं तो सोडून तिच्यापुढं धरला.

"ह्यो नव्याला बांधा, आक्का. आमच्यात मागाची मोटर बदलली तरी जुन्याचा दोरा नव्याला जातोय. दुसरीकडं कुठं बांधत न्हाईत."

"का?"

"का ते न्हाय ठाव. बा सांगायचा."

"म्हणजे तुझ्या बालाही ठाऊक नव्हतं."

मार्तंड खुर्चीतून हसले. "अगं, बांध की. आपलं काय जातंय?"

"एवढा जीव अडकलाय, तर तुम्हीच घ्या." तिनं दोरा मार्तंडांच्या मनगटाला गुंडाळला आणि प्रयोगशाळेत बांधायची तशी पक्की गाठ मारली.

परशरामचं तंबाखू चघळणारं तोंड थांबलं. त्यानं जुनं इंजिन पोत्यात घातलं आणि चहालाही न थांबता निघून गेला.

नवं इंजिन शिलाईच्या मशीनसारखं चाललं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिनं मार्तंडांची नाडी धरली. तीन ठोके, मग पोकळी. पुन्हा तीन, पुन्हा पोकळी.

तिनं मनगट सोडलं आणि हात पदराला पुसला.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर असं होतं. गोळी लिहून दिली. ते तिचेच विद्यार्थी. परीक्षेतही असंच मोघम लिहायचे. पण पंधरवड्यानं ठोके सरळ झाले, आधी कधी नव्हते इतके. डॉक्टर खूश झाले. मार्तंडांची भूक वाढली, चेहऱ्यावर तकाकी आली. परशराम आणि त्याचा बा, दोघांनाही स्वरूपानं मनातून निकालात काढलं.

मग मार्तंड शिंकू लागले. रुमाल धुवायला घेतला, तर त्यावर बारीक तपकिरी भुकटी. तिनं हुंगून पाहिलं आणि तिलाही शिंक आली. तंबाखू. मार्तंडांनी जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

"निपाणीच्या तंबाखूबाजारात गेला होतात का?" तिनं विचारलं.

"मी? मला फाटकाबाहेर तरी सोडतेस का तू?"

एका दुपारी जेवताना ते सांगत होते, "अगं, त्या देसायांच्या केसमध्ये तर..." आणि थांबले. घास हातात. डोळे उघडे. तिनं हाक मारली, हलवलं. कातडी गरम होती, तव्याखालचा गॅस नुकताच बंद केल्यासारखी, आणि हळूहळू निवत होती. मनगटात नाडी लागेना. ती फोनकडं वळली.

मागं खुर्ची करकरली. मार्तंडांच्या उजव्या खांद्याला हिसका बसला. पुन्हा एकदा. तिसऱ्या हिसक्याला त्यांनी मोठा श्वास घेतला.

"...न्यायाधीशच झोपले होते," ते म्हणाले आणि घास तोंडात घातला.

वरण गार झालं होतं.

तिनं लगेच परशरामला फोन लावला. आवाज वर्गातल्यासारखा ठेवला. "जुनं इंजिन कुठं आहे?"

"निपाणीला, आक्का. मेव्हण्याच्या वखारीत. नेलं त्याच दिशी चालू झालं. तंबाखू चाळायच्या चाळणीला जोडलंय. नव्या रिंगा घातल्या, आता मिस मारत न्हाय. लई ग्वाड चालतंय."

"दुपारी बंद करतात?"

"व्हय, आजपास्नं जेवणाच्या सुट्टीला. आजवर रातंदिस चालत हुतं. पर आता सीझन संपत आला. मेव्हणा म्हणतोय, भंगारात घालूया."



"भंगारात घालू नका," ती म्हणाली. "परशराम, ऐकलंस? ते मला आणून दे." वर "एवढं कर," असंही म्हणाली. हे शब्द तिनं याआधी कुणाला म्हटलेले नव्हते.

दोरा सोडायचा तिनं प्रयत्न केला होता. गाठीत नख घातलं की मार्तंड खोकत. पेट्रोल संपताना इंजिन खोकतं, तसे. तिनं नख काढून घेतलं.

आता जुनं इंजिन मागच्या व्हरांड्यात एका लाकडी ठोकळ्यावर असतं. ती रोज सकाळी ते चालू करायची दोरी ओढते. आतल्या खोलीत पलंग हलतो, मग मार्तंड चहा मागतात. ते काही विचारत नाहीत. शेजारी विचारतात. शेजाऱ्यांना उत्तर देण्याची तिची पद्धतच नाही. पुढची हिरवळ गुडघ्यापर्यंत वाढली आहे.

गेल्या आठवड्यात सकाळी दोरी ओढली, तर इंजिन धरेना. परशराम आला. त्यानं कार्बोरेटर खोलला, उजेडात धरला आणि मान हलवली.

"ह्यो गेला, आक्का. ह्या कंपनीचा मिळत न्हाय आता. दुसऱ्या कंपनीचा बसंल." तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "बसवू?"

आतून आवाज नव्हता. तिनं जाऊन कपाळाला हात लावला. गार होतं.

"बसव," ती म्हणाली.

परशरामनं बसवला आणि हात पुसत लांब जाऊन उभा राहिला. तिनं दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला इंजिन चालू झालं. आवाज निराळा होता, जरा वरच्या पट्टीतला, पण एकही ठोका चुकत नव्हता.

आत पलंग वाजला. पावलं आली. दारात मार्तंड उभे राहिले. चेहरा टवटवीत, केस नीट विंचरलेले. अशिलाला उठून द्यावा तसा त्यांनी तिला अदबीनं नमस्कार केला.

"बसा ना," ते म्हणाले. "कोण हवंय आपल्याला?"