दुसऱ्या पानाचं गुपित

"शून्य? पुन्हा शून्य?" शिडी इतक्या जोरात ओरडला, की वाचनालयातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"अरे, हळू बोल!" पिटुकलीने त्याचा शर्ट ओढला. तिचा हात त्याच्या कोपरापर्यंतच पोचायचा. शिडी वर्गात सर्वांत उंच, तर ती सर्वांत बुटकी.

"पण तुझ्या मावशीची पोस्ट तर झकास होती! मग मतं का नाहीत? मोजताना चूक झाली का? पेटी उघडली कुणी?" एका दमात तीन प्रश्न विचारणारी ही मुलगी शंकासूर. तिचं पाळण्यातलं नाव खुद्द तिच्या आईलाही आठवून सांगावं लागे!

ब्लॉगची तेव्हा नवलाई होती. घरोघरी इंटरनेट आलं नव्हतं. वाचनालयात सहा कंप्युटर होते आणि त्यांच्यापुढे बसायला मोठी माणसं शाळकरी मुलांसारखी रांग लावत. वस्तीतले बारा जण ब्लॉग लिहायचे. बुधवारपर्यंत प्रत्येकाने एक पोस्ट टाकायची. गुरुवारी वाचनालयाचे कंप्युटरसर सगळ्या पोस्ट छापून, पिना मारून प्रत्येकाला एक गठ्ठा द्यायचे. तो घरी नेऊन वाचायचा आणि शनिवारी आवडत्या पोस्टच्या नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची. स्वतःला मत द्यायचं नाही! जिंकलेली पोस्ट आठवडाभर दारातल्या काचेच्या फलकात लागे. बक्षीस एवढंच, पण त्यासाठी काय धडपड चाले! दिवसभर राबून आलेली माणसं एकेक वाक्य चार-चारदा खोडून लिहीत. एकमेकांचं मन लावून वाचत आणि आवडलं तर मोकळेपणाने मत देत.

तीन आठवड्यांपूर्वी पिटुकलीची मावशी बारावी म्हणून त्यांच्यात आली होती. तिचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. तिच्या ब्लॉगचं नाव 'खिशातल्या गोष्टी'. गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेल्या वस्तूंबद्दल ती लिहायची. मावशी कागदावर लिही आणि पिटुकली वाचनालयात बसून टाइप करी. तिन्ही वेळा टाइप करताना पिटुकलीचे डोळे भरून आले होते.

आणि तिन्ही वेळा मतं शून्य!

सोमवारी तिघं दुकानात बसली असताना दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्याही ब्लॉग लिहीत.

"माझे कपडे परत द्या, मावशी. धुतले नसले तरी चालतील."

"का हो? काही चुकलं का?"

"लोकांच्या खिशातल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि साऱ्या गावाला सांगायच्या! आमच्याबद्दल काय लिहाल कोण जाणे!" बाई गाठोडं उचलून तरातरा निघून गेल्या.

मावशीने इस्त्री बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "आठवड्याभरातल्या या चौथ्या. पिटुकले, शनिवारचा निकाल लागला की तो ब्लॉग पुसून टाक."

"मावशी, नाही हं!"

"ऐक माझं. लिहायची हौस भागली. दुकान राहिलं पाहिजे."

बाहेर आल्यावर शिडी म्हणाला, "यात बागवाल्या आजोबांचा हात असणार! दर आठवड्याला भोपळ्यांवर लिहून तेच कसे जिंकतात?"

"पण बाई असं का म्हणाल्या?" शंकासुराचं डोकं भलतीकडेच चालू होतं. "मावशीने चिठ्ठी परत केली, ते लिहिलंय ना? मग बाईंना राग का आला? त्यांनी वाचलंच नाही का?"

"वाचलं नसेल? की गठ्ठ्यात ते आलंच नसेल?" पिटुकली थबकली. तिघांनीही तो गठ्ठा कधी पाहिलाच नव्हता! मावशी त्यातलं स्वतःचं पान कधी उघडत नसे आणि मत देऊन झालं, की तिचा गठ्ठा कपडे बांधायला जाई.

तिघांनी बागवाल्या आजोबांचं घर गाठलं. आजोबांनी तीन आठवड्यांचे तिन्ही गठ्ठे लगेच काढून दिले. वर पिटुकलीला म्हणाले, "तुझी मावशी लिहिते छान गं, पण मधेच सोडते. मला काही ते बरं वाटलं नाही."

तिघं पायरीवर बसून वाचू लागली. मावशीने लिहिलं होतं, की एका कोटाच्या खिशात घडी घातलेला कागद सापडला. नाव पाहायला तिने तो उघडला. त्यात होतं, 'मी उद्यापासून कामावर येणार नाही. मला आता हे सोसत नाही.'

आणि पोस्ट संपली!

"अरे, पुढचं कुठे गेलं?" पिटुकली किंचाळली. "खरी गोष्ट तर पुढे आहे!"

शंकासुराने कागद नाकाला लावला. "खाली बघा! बारीक अक्षरात १/२ आहे. बाकी सगळ्यांच्या पोस्टखाली १/१. म्हणजे दोन पानांपैकी पहिलं! दुसरं छापलंच नाही!"

तिन्ही गठ्ठ्यांत तेच. इतरांचं एका पानात आटपे. मावशीचं तेवढं दुसऱ्या पानावर जाई आणि गळून पडे.

तिघं धावत वाचनालयात गेली. कंप्युटरसर पुस्तकांच्या ढिगाआड होते.

"सर, मावशीची अर्धीच पोस्ट छापली जाते!"

"यंत्र कधी अर्धं काम करतं का? जा, खेळा. सुट्टी आहे ना?"

"सर, एकदा बघा तरी..."

"एकदा सांगितलं ना!"

बाहेर येऊन शिडीने एक दगड लाथाडला. "मोठी माणसं ऐकत का नाहीत?"

"ऐकत नाहीत, पण वाचतात," पिटुकली म्हणाली आणि तिचे डोळे लकाकले. "वाचनालयाचं कार्ड असलं की कुणालाही पोस्ट टाकता येते. आपणही टाकू. आणि ती दोन पानांची असेल!"

मंगळवारी दुपारी पिटुकलीने मावशीची चौथी पोस्ट टाकली आणि मग तिघांनी स्वतःसाठी कंप्युटर अडवला. शंकासुराने ओळी मोजल्या. पानात बेचाळीस बसत.

"एकोणचाळीसच झाल्यात! तीन कमी पडताहेत!"

"मग सरांच्या मिशीवर लिही!" शिडीने सुचवलं आणि मिशीवर तीन ओळी गेल्या.

सर गठ्ठे वाचत नसत. 'वाचत बसलो तर छापू कधी?' असं ते म्हणत. गुरुवारी तेरा पोस्ट छापल्या गेल्या, वाटल्या गेल्या आणि संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात ही गर्दी!

मुलांच्या पोस्टचं पहिलं पान असं संपत होतं: 'दुपारी दोन वाजता कंप्युटरसर दार आतून लावून घेतात. कपाटातली पुस्तकं काढतात. इकडेतिकडे बघतात आणि पिशवीत भरून घरी नेतात. नोंदवहीत एक अक्षर लिहीत नाहीत. गेल्या महिन्यात अशी वीस पुस्तकं गेली.'

"सर, हे काय वाचतोय आम्ही?" बागवाले आजोबा काठी आपटत म्हणाले.

"वीस पुस्तकं!" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

सरांचा चेहरा लालबुंद झाला होता. "कुठे आहेत ती कार्टी? मला चोर ठरवलं!"

"इथेच आहोत, सर," पिटुकली पुढे झाली. "आम्ही दोन पानं लिहिली. दुसरं वाचलंत का? स्क्रीनवर आहे."

सरांनी खुर्ची ओढली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'सोमवारी ती पुस्तकं परत येतात. पण आता त्यांची सुटलेली पानं दोऱ्याने शिवलेली असतात, फाटकी पाठ चिकटवलेली असते. हे काम सरांना कुणी सांगितलेलं नाही. ते कुणाला सांगतही नाहीत. आम्ही खिडकीतून पाहिलं म्हणून कळलं. आम्ही वाचलेली निम्मी पुस्तकं...'" सर थांबले. मग पुढे वाचू लागले, "'...निम्मी पुस्तकं सरांमुळेच वाचलेली आहेत.'"



"हे छापलं का गेलं नाही?" सर पुटपुटले. मग छपाईची सूचना उघडून ते बघतच राहिले. 'फक्त पहिलं पान.' "अरे देवा! महिन्यापूर्वी कुणीतरी चुकून साठ पानं छापली, म्हणून मीच हे केलं होतं. आणि विसरलो!"

"म्हणजे मावशीचंही..." डॉक्टरीणबाईंचं वाक्य अर्धवटच राहिलं.

सरांनी मावशीचा ब्लॉग उघडला. "बसा सगळे. मीच वाचतो."

त्या चिठ्ठीच्या पोस्टचं दुसरं पान त्यांनी वाचलं. मावशी कोटाच्या मालकाकडे गेली, तेव्हा तो हसला. तो राजीनामा अकरा वर्षांपूर्वीचा होता. रोज सकाळी खिसा चाचपून तो स्वतःला म्हणे, 'आजचा दिवस जाऊ दे, उद्या देऊ.' तो मावशीला म्हणाला होता, 'लिहा तुम्ही. फक्त नाव घालू नका. कुणा कंटाळलेल्याला धीर येईल.'

मागच्या बाकावरून बँकेतले कारकूनकाका उठले. अबोल माणूस. "तो कोट माझा," ते म्हणाले. "मावशींनी विचारल्याशिवाय एक शब्द लिहिला नाही. मी गठ्ठा घेत नाही, स्क्रीनवर वाचतो. मला काय माहीत, तुम्ही अर्धंच वाचलंत!"

सरांनी उरलेल्या तिन्ही पोस्टची दुसरी पानंही वाचली. प्रत्येक वस्तू मालकाला परत मिळाली होती, प्रत्येकाची परवानगी होती. डॉक्टरीणबाई उठल्या आणि थेट दुकानाकडे गेल्या. थोड्या वेळाने त्या परत आल्या, तेव्हा मावशी त्यांच्या सोबत होती आणि दोघींचेही डोळे लाल होते.

सरांनी त्याच संध्याकाळी सगळे गठ्ठे पूर्ण छापले. शनिवारी पेटी उघडली. तेरा चिठ्ठ्यांपैकी मावशीला आठ! मुलांना चार! भोपळ्यांना एक!

"शाब्बास रे पोरांनो!" बागवाले आजोबा हरूनही टाळ्या वाजवत होते. "आम्ही शिकलेली माणसं, पण पानाखालचा आकडा दिसला तो तुम्हाला!"

सरांनी तिघांच्या खांद्यांवर हात ठेवला. शिडीसाठी त्यांना हात उंच करावा लागला. "तुम्ही माझी चूक पकडलीत, ते बरंच झालं. सोमवारी मी ऐकलं नाही, त्याची माफी मागतो. पण चूक शोधताना माझ्याबद्दल चांगलंही शोधलंत, ते मी विसरणार नाही."

रविवारी सकाळी पिटुकली दुकानात गेली, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. गाठोड्यांमागून मावशीचं फक्त डोकं दिसत होतं.

"मावशी, शनिवारचा निकाल लागला," पिटुकली साळसूदपणे म्हणाली. "तू सांगितलं होतंस, ब्लॉग पुसून टाक. टाकू ना?"

"हात तर लावून बघ त्याला!" मावशीने इस्त्री उगारली आणि दुसऱ्या हाताने कागदांची घडी पुढे केली. "हे घे. आणि सरांना आधीच सांग, या खेपेला चार पानं झालीत!"