पाणी कुठवर आलं होतं

बोईसरला निमेशच्या दुकानात भिजलेली वस्तू घेऊन येणारं गिऱ्हाईक 'जरासंच पाणी लागलं' असं सांगतं, आणि वस्तू टेबलावर ठेवताना आतून अर्धा तांब्या ओघळतो. निमेशचा नियम सोपा होता. पाणी सर्किट बोर्डाच्या खाली थांबलं असेल तर दुरुस्ती. बोर्डापर्यंत गेलं असेल तर नवीन घ्या. रडायचं असेल तर बाहेर बाकडं आहे.

घिवलीच्या साखरबाईंकडे मात्र त्याला स्वतःच जावं लागलं. पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी भरदुपारी घरात शिरलं, घोट्यापर्यंत आलं आणि तासाभरात निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निमेश पोहोचला तेव्हा अंगणात बोंबील वाळवायच्या वलांडीवर, बोंबलांच्याच रांगेत, मिक्सर लटकत होता. शेजारी टीव्हीचा रिमोट. खाली फ्रिज दार उघडून ऊन खात उभा. खारं निघावं म्हणून साखरबाईंनी सगळं गोड्या पाण्याने धुऊन काढलं होतं. हळद-मीठ लावायचं राहिलंय का, असं निमेशने विचारलं. त्या हसल्या नाहीत.

त्यांचा जीव आतल्या खोलीत अडकला होता. तिथे त्यांचे नवरे भगवंतकाका खाटेवर पडून होते. चाळीस वर्षं होडी हाकली. आता फुप्फुसं दमली होती. उशाशी गुडघाभर उंच स्टुलावर ऑक्सिजनचं मशीन होतं, त्याची नळी नाकात. मशीन कालपासून खोकत होतं. अडीअडचणीला एक सिलिंडर कोपऱ्यात होता.

निमेशने आधी मिक्सर खोलला. आत शेंड्यापर्यंत मीठ.

"माई, हा पाण्यात पडला होता का?"

"ओट्यावर व्हता. जागचा हालला पन नाय."

त्याने सिलिंडरची नळी काकांना जोडली आणि मशीन उघडलं. हे कुणी धुतलं नव्हतं. आत अर्ध्या उंचीवर पांढरी रेघ होती आणि रेघेखाली सगळं ओलं. त्याने बोट जिभेला लावलं. समुद्र. किनाऱ्यावर हवाच खारी, असं तो स्वतःला म्हणाला. पण खारी हवा पट्टीने आखल्यासारखी रेघ मारत नाही.

रेघ बोर्डाच्या वर होती. म्हणजे नवीन.

तो पालघरहून नवीन मशीन घेऊन परतला तेव्हा बारा वाजून गेले होते. खोका सीलबंद होता. खबरदारी म्हणून त्याने मशीन कपाटावर ठेवलं. साखरबाई मान वर करून बघत राहिल्या. भरतीची वेळ झाली होती, पण आज पाणी अंगणातसुद्धा आलेलं नव्हतं. जमीन कोरडी. वलांडीखाली मांजर झोपलेलं.

काकांची नळी सिलिंडरलाच ठेवून त्याने आधी बटण दाबलं. मशीन दोन मिनिटं छान चाललं, मग गुळण्या केल्यासारखा आवाज करून बंद पडलं.

निमेशने ते खाली काढून उघडलं. बोर्ड पाण्यात बुडाला होता. पाण्यात एक जवळा होता, नखाएवढा, जिवंत. तो उडी मारून निमेशच्या स्क्रूड्रायव्हरवर बसला.

दुरुस्ती, नाहीतर नवीन. तिसरं काही त्याच्या नियमात नव्हतं.

कपाट सहा फूट. खाट दीड फूट. एवढं गणित त्याने मनात केलं, आणि करायला नको होतं असं त्याला वाटलं.

गाडी आणतो, काकांना बोईसरच्या दवाखान्यात नेऊ, असं तो म्हणाला. भगवंतकाकांनी डोळे उघडले.

"भर उधाणात कोन बंदर सोडते काय रे?"

एवढं बोलायला त्यांना चार श्वास लागले. पाचवा आला नाही.

निमेशने सिलिंडरचा कॉक पूर्ण फिरवला. नाकातली नळी काढून हातावर धरली. नळीतून पाणी आलं.

त्याने सिलिंडर हलवला. आत लाट आपटली.

पंखा बंद होता. खिडकीही बंद.

काकांचे पांढरे केस उशीवरून अलगद उचलले गेले आणि एका बाजूला, समुद्राच्या बाजूला, सावकाश डोलू लागले.

साखरबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, खाटेशी बसल्या आणि नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"आता व्हटी लागंल, पानी मागं वढंल," त्या म्हणाल्या. "तू पाय धर."

निमेशने पाय धरले. ते खाटेला टेकलेले नव्हते.