काथ्या रंगाचा मफलर

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. पण यातलं काहीही रचलेलं नाही. ज्या घरात हे घडलं, त्या घरातल्यांनीच हे सांगितलं, तेही फार वर्षांनी आणि फार हळू आवाजात.

एकोणीसशे पंचावन्नचा हिवाळा.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. चांद्याहून मूल गावाकडे जाताना जंगल दाट व्हायचं. त्या जंगलाला लागून, एका मोठ्या तलावाच्या काठी गुणवंतरावांचं गाव होतं.

गुणवंतराव धानाचे शेतकरी. पण ओळख होती ती गाण्यामुळे. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला की रात्री गावात दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचा खेळ, व्हायची आणि दंडारीत गुणवंतराव उभे राहिले की लेकरंसुद्धा रडायची थांबायची. असा गळा.

गावात बायकोला नावानं हाक मारणारेही ते एकटेच. बाकीचे ‘अवं’ म्हणायचे. हे सरळ ओरडायचे, “शकूऽऽ!”

शकुबाई लाजायच्या. पण ओ द्यायच्या.

गुणवंतरावांना एक नाद होता. पुरुषांचे जुने मफलर आणि गळ्याचे रुमाल जमवायचे.

चांद्याच्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग लागायचे. गोरे साहेब जाताना टाकून गेलेले कपडे, पलटणीतले कपडे, मेलेल्या माणसांचे कपडे. गुणवंतराव त्या ढिगात तासन्‌तास बसायचे. घरी त्यांची एक पत्र्याची पेटीच होती. ठिपक्यांचा रेशमी रुमाल, हिरव्या चौकड्यांचा मफलर, कडेला कसर लागलेला एक पांढराशुभ्र. धुवायचे, सावलीत वाळवायचे, मधे कडुलिंबाचा पाला घालून ठेवायचे.

“गळा जपाव लागते मले,” म्हणायचे.

“एका गळ्याले किती गुंडाळता?” शकुबाई हसायच्या.

त्या हिवाळ्यात एका सकाळी ते चांद्याला पोचूच्या ढिगाशी बसले होते. पोचू हा तिथला जुने कपडे विकणारा म्हातारा. त्यानं न मागताच एक मफलर पुढे केला. काथ्या रंगाचा, लोकरीचा, मऊ.

“घेऊन जा भाऊ. तुमच्यासाठीच ठेवला समजा.”

गुणवंतरावांनी हातात घेतला आणि दचकले.

मफलर... गरम होता.

ऊन अजून त्या बाजूला आलं नव्हतं. ढिगातले बाकी कपडे गारठलेले. हा मात्र कुणीतरी आत्ताच गळ्यातून काढून द्यावा, तसा.

त्यांनी तो तिथंच गळ्यात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी घसा बसला.

शकुबाईंनी हळद-गुळाचा काढा दिला. उपयोग झाला नाही. आवाज घोगरा झाला नव्हता. तो नुसता कमी होत चालला होता. दिव्यातलं तेल उतरावं तसा.

मफलर काढून खुंटीला लावला. हात लावला की गरमच. पेटीत तळाशी ठेवला. त्या कडाक्याच्या थंडीत पेटीचा पत्रा... कोमट लागला.

मग एका संध्याकाळी शकुबाई चुलीशी होत्या. दिवे लागत होते.

बाहेरून हाक आली.

“शकूऽऽ!”

त्यांना इतका आनंद झाला! धन्याचा आवाज आला. खणखणीत, पहिल्यासारखा. त्या हात पुसत धावल्या.

ओसरीवर गुणवंतराव बसले होते. तोंड पांढरं पडलेलं.

“तुम्ही हाक मारली ना?”

त्यांनी मान हलवली. नाही.

आणि बोटानं गल्लीकडे दाखवलं.

गल्लीत कुणी नव्हतं. कुत्रं भुंकलं नाही. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली आणि शांतपणे खाली घातली... घरचंच माणूस आल्यासारखी.

त्यानंतर हाक रोज येऊ लागली. रोज थोडी लांबून. गल्लीच्या टोकाहून. मग मारुतीच्या पारापासून. मग तलावाकडून.

हाक जितकी लांब जाई, तितका गुणवंतरावांचा आवाज आटत जाई. शेवटी ओठ हलायचे, बाहेर काहीच यायचं नाही.

शंकरपट जवळ आला. दंडारीची मंडळी बोलवायला आली आणि मान खाली घालून परत गेली.

एक दिवस सूर्य बुडताना गुणवंतराव शेतातून घरी आले. चूल पेटलेली. दार सताड उघडं.

शकुबाई नव्हत्या.

तेवढ्यात तलावावरून त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला.

“शकूऽऽ! पाय घसरला माझा... हात दे...”

ते धावत सुटले.

शकुबाई पाण्यात होत्या. गुडघाभर. मग कमरेभर. हात पुढे करून चालत होत्या. गुणवंतरावांनी ओरडायला तोंड उघडलं. नुसती हवा. टाळ्या वाजवल्या. तिकडून गोड, आर्जवी हाक येतच होती.

त्यांनी पाण्यात उडी टाकली आणि शकुबाईंचा दंड धरला.

शकुबाई किंचाळल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग समोर. मग पुन्हा नवऱ्याकडे.

“तुम्ही... तुम्ही तं समोर बुडून राह्यले होते!”

समोर नुसते शिंगाड्याचे वेल होते. पण ते मधोमध फाकत होते... कुणीतरी सावकाश, घाई न करता, आत चालत गेल्यासारखे.

दुसऱ्याच दिवशी दोघं चांद्याला गेली. शकुबाईंनी मफलर पोचूपुढे टाकला. गुणवंतराव बाजूला मुके उभे.

पोचूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मफलर काठीनं दूर ढकलला.

“यायले बोलता नाई येत?”

“नाई. तुह्या मफलरानं केलं हे. वापस घे.”

“मी नाई घेत बाई! ज्यानं आणून देल्ला, तोबी असाच मुका होता. खुणा करत होता. काहीच मागतलं नाई. टाकून पळाला. मले वाटलं, माह्याजवळून लवकर जाव हे...”

“अन्‌ आमच्या गळ्यात बांधलं?”

पोचू ढीग आवरायला लागला.

भर दुपारी, तलावाच्या पाळीवर त्यांनी तो मफलर जाळला. लोकर जळली की केसांसारखा वास येतो. तसा वास आलाच नाही. गाळाचा आला. खोल पाण्याखालच्या ओल्या गाळाचा.

शेवटचा धागा जळाला आणि गुणवंतरावांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. घसा मोकळा झाला.

“शकू,” ते म्हणाले.

शकुबाई दोन पावलं मागे सरकल्या.

आवाज आला होता... पण तो त्यांचा नव्हता. पातळ, थकलेला, कुण्या परक्या माणसाचा आवाज.

तो तसाच राहिला. गावाला वाटलं, दुखण्यानं गळा बदलला. गुणवंतराव पुन्हा दंडारीत उभे राहिले नाहीत. त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि चांद्याच्या बाजाराचं नाव टाकलं. दोघांनी संसार केला, पोरीचं लग्न केलं. शकुबाई त्या आवाजाला ओ द्यायच्या. पण नेहमी क्षणभर थांबून.

मग एका हिवाळ्यात, दिवे लागताना, गुणवंतरावांना शकुबाई मागच्या दारात उभ्या दिसल्या. तोंड तलावाकडे. डोळे मिटलेले. ओठांवर बारीक हसू.

त्यांना स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं.

“काय ऐकून राह्यली?” त्यांनी त्या परक्या आवाजात विचारलं.

शकुबाईंनी वळूनही पाहिलं नाही. फक्त हात वर करून त्यांना गप्प केलं.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गाऊन राह्यले.”