रुमालाखाली विकलेली फोर्ड

वसंता मला पहिल्यांदा दिसला तो कमरेपासून खाली. वरचा सगळा माणूस आमच्या फोर्डच्या बॉनेटमध्ये गडप झाला होता.

मी गाडीतच होते. थंडीच्या दिवसांत आमच्या जालन्याच्या घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे त्या गाडीची ड्रायव्हरची सीट. मांडीवर सूप घेऊन मी ज्वारी निवडत बसले होते. बॉनेट उघडलं तेव्हा वाटलं, आबाच असतील. मग कुणीतरी इंजिनावर बोटं वाजवली आणि अगदी लाडानं म्हणालं, "बस, तुझ्यासारखंच पाहिजे होतं."

आमच्या इंजिनाशी इतक्या प्रेमानं बोलणारा हा कोण, म्हणून मी हॉर्न दाबला. हॉर्न लॉरीचा होता. धाडकन डोकं आपटल्याचा आवाज आला आणि बॉनेटमागून एक सावळा, उंच तरुण डोकं चोळत बाहेर आला.

"लागलं का?" मी विचारलं.

"न्हाई... म्हणजे, लागलं. गाडीत माणूस हाये हे सांगायचं तरी."

"सांगितलं की आत्ताच."

तो हसला. नाकावर काळं ऑइल लागलेलं, त्याला पत्ताच नव्हता. मला ते हसू आवडलं, आणि आवडलं म्हणूनच मी कपाळाला आठ्या घातल्या.

"मी वाटूरचा. वसंता. पिठाची गिरणी टाकून राह्यलोय गावात. रॉकेलवर चालवायला तुमचं इंजिन बघायला आल्तो."

"गाडी विकायची हाये. नुसतं इंजिन न्हाई."

"इंजिन माझं, राहिलेलं तुमचं. तुम्हाला बसायला सीट तर राहील."

मी सूप घेऊन गाडीतून उतरले आणि घरात निघून गेले. दार मात्र किलकिलं ठेवलं.

ती गाडी म्हणजे माझ्या भिवादादाचा जीव. हैदराबादच्या गॅरेजात काम करताना त्यानं एका जहागीरदाराची जुनी फोर्ड स्वस्तात विकत घेतली होती. मद्रासकडे धावपट्टीवर सरळ शर्यती होतात हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं – दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि पाव मैल सुसाट सोडायच्या, वळणबिळण काही नाही. मग दादानं तिचे बंपर काढले, मडगार्ड काढले, मागची सीट काढली. मागं लॉरीची रुंद चाकं बसवली, एकाच्या जागी तीन कार्बोरेटर जोडले, आणि सायलेन्सर तर ठेवलाच नाही. जहागीरदारीणबाईंनी पाहिली असती तर त्या चक्कर येऊन पडल्या असत्या. गाडी सरळ जायची बंदुकीच्या गोळीसारखी, पण वळवायला मात्र अख्खं शेत लागायचं.

चाचणीला दादा मलाच बसवायचा. मी त्याच्यापेक्षा हलकी, आणि वजन कमी तेवढी गाडी पळते. राजूरच्या रस्त्यावर पहाटे मी ती सोडली की ओढणी फडफडायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मला वाटायचं की जगात माझ्यापुढं कुणीच नाही. इतकं सुखाचं मला दुसरं काही माहीत नव्हतं.

आता दादाला पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, आणि त्यानंच गाडी विकायला सांगितलं होतं. कचरू भंगारवाला तर टपूनच बसला होता. तो तिचे तुकडे करणार होता. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, गाडी जाईल ती अख्खी जाईल आणि पळवणाऱ्याच्याच हाती जाईल. पण ठरवणारी मी कोण? गाडी विकणार होते आबा.

आमचे आबा, तातेराव, बैलबाजारातले नावाजलेले दलाल. त्यांच्या मते फोर्ड आणि खिलारी बैल यांचा सौदा वेगळा करायचं कारण नव्हतं. रुमाल टाकायचा, त्याखाली दोघांनी हात घालायचा आणि बोटं धरून भाव सांगायचा. तोंडानं भाव बोलला की वस्तू उघडी पडते, असं त्यांचं ठाम मत.

वसंता परत आला. येताना हरभऱ्याचे ढाळे घेऊन आला.

"आत्यांसाठी," तो म्हणाला.

आमच्याकडंच राहणाऱ्या साळूआत्याला, आबांच्या बहिणीला, हरभरा सोसत नाही हे त्याला माहीत नसावं. ढाळे मीच खाल्ले.

"चालती का गाडी?" त्यानं विचारलं.

दादा पुण्याला, आबांना क्लच कळत नव्हता. राहिले मीच. "दाखव चालवून," आबा म्हणाले, "पण साळूला संगं घे." आत्या मागं पोत्यावर बसली आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले. राजूरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर मी वसंताकडं पाहिलं.

"धरून बसा."

"कशाला? मी काय ल्हान—"

बाकीचं वाऱ्यात गेलं. दोन्ही बाजूंची ज्वारी नुसती हिरवी रेघ झाली. गाडी थांबली तेव्हा त्यानं दारावर आवळलेली बोटं एकेक करून सोडवली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं... तसं मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मला उगीचच आरसा पुसावासा वाटला.

"हिला तोडायची म्हंजे पाप हाये," तो हळूच म्हणाला. "गिरणीला दुसरं इंजिन बघतो. ही अख्खीच घेतो. पुढच्या शर्यतीला भिवादादाला बोलवू."

"खरं?"

"बिलकुल."

"उतरायचं का आता मी?" मागून आत्यानं विचारलं.

अडचण एकच होती. आबा रुमालाशिवाय बोलणार नव्हते आणि वसंताला बोटांची भाषा ठाऊक नव्हती. म्हणून दुसऱ्या दुपारी, आत्या ओसरीवर पेंगत असताना, मी त्याला शिकवायला बसले. मध्ये माझी ओढणी पसरली. शिकवायला हात धरावाच लागतो, त्याला माझा इलाज नव्हता.

"एक बोट धरलं की एक. दोन धरली की दोन. सगळा पंजा म्हंजे पाच."

"आणि सहा?"

"पंजा धरायचा, सोडायचा, मंग एक बोट."

"म्हंजे सहाला हात दोनदा धरायचा?"

"हो."

"मंग नऊ शिकवा आधी."

मी ओढणीखालीच त्याला चिमटा काढला. "ही नवाची खूण का?" त्यानं अगदी साळसूदपणे विचारलं. मग मी त्याला अर्ध्याची खूण शिकवली – करंगळीच्या बुडाशी हळूच नख टेकवायचं. ती त्याला काही केल्या जमेना. किंवा जमत होती, आणि तो मुद्दाम चुकत होता. आत्या जागी झाली तरी आमची शिकवणी चालूच होती.

सौद्याच्या दिवशी अख्खी गल्ली अंगणात जमली. कचरूनं आधी हात घातला. त्याचा भाव चांगला असावा, कारण तो मिशीतल्या मिशीत हसत होता. मग वसंता पुढं आला. मी दारात उभी होते, भाकरीचं पीठ हाताला तसंच.

दलालाच्या चेहऱ्यावर काही दिसत नसतं. रुमालाखाली घर बुडालं तरी आबांची पापणी हलायची नाही. त्या दिवशी मात्र मध्येच त्यांनी भुवया उंचावल्या, वसंताकडं रोखून पाहिलं आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. वसंता लालबुंद झाला. त्यानं एकदा खाली पाहिलं, एकदा आबांकडं, आणि हळू आवाजात उत्तर दिलं. हात तसेच रुमालाखाली. लोकांना वाटलं, सौदा फार अवघड चाललाय.

आबांनी रुमाल उचलला. "गाडी वाटूरला गेली."

"माझा भाव जादाच असंल, तात्या," कचरू म्हणाला.

"असंल," आबा म्हणाले आणि घरात आले.

मी चुलीपाशी जाऊन बसले. आबा पाटावर टेकले.

"अर्ध्याची खूण तू शिकवलीस त्याला?"

मी चुलीत लाकूड सरकवलं.

"बाजारात अर्ध्यासाठी पहिल्या बोटाचं पेर दाबत्यात. तुझ्या आज्याचं ते बोट कडबा तोडताना गेल्तं, म्हणून त्यो करंगळीला नख लावायचा. ती खूण फकस्त आपल्या घरात हाये, बेबी. बाजारात कुणालाच माहीत न्हाई."

हे मला ठाऊकच नव्हतं. लहानपणी आबांनी शिकवलं तेच मला साऱ्या बाजाराचं वाटत आलं होतं. माझे कान तापले.

"म्या विचारलं त्याला, कुणी शिकवली म्हणून. कुणाचंबी नाव घेता आलं असतं. त्यो म्हणाला, बेबीनंदानं. आणि म्हणाला, गाडी मला देऊ नका पायजे तर, पण तिला बोल लावू नका." आबांनी माझ्याकडं पाहिलं. "आता तू बी खरं सांग."

मी पिठाकडं बघत सांगितलं, "मला तो आवडतो, आबा. गाडीपेक्षा जास्त."

"गाडीपेक्षा म्हणतीस म्हंजे बराबर खरं असंल."

"पण कचरूचा भाव सोडून त्याला का दिली?"

आबांनी रुमालाची घडी घातली आणि खांद्यावर टाकली. "घरातली खूण बाहेर गेली. आता ती घरात ठेवायची म्हंजे माणूसच घरचा करावा लागंल. जा, सांग त्याला. उद्या वाटूरला येतो म्हणावं, त्याच्या मायबापाला भेटायला."

मी बाहेर आले. वसंता फोर्डला टेकून उभा होता, तोंड उतरलेलं.

"आबा उद्या तुमच्याकडं येऊन राह्यलेत."

"गाडीचं बोलायला?"

"गाडीचं झालं की."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो हसला नाही. सरळ उभा राहिला आणि शर्टाची कॉलर नीट केली.

"सगळ्यांशी बोलणं झालं, बेबी. तुलाच विचारायचं राहिलं."

"मंग विचारा."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. गल्ली हलायचं नाव घेत नव्हती, आणि कचरू अजून भाव काय झाला ते विचारत फिरत होता. वसंता कुणासाठीच थांबला नाही.

"मला तू पाहिजेस," तो म्हणाला. "येशील?"

"येईन," मी म्हणाले, आणि पिठाचे हात पाठीमागं लपवले.