ब्रेकवर पाय

चढण जेमतेम अर्धी झाली असेल, तेवढ्यात गाडीने हातपाय गाळले. इंजिन गुरगुरत होतं, नुसतंच गुरगुरत होतं… पण गाडी काही पुढे सरकेना. मॅरिटने आणखी जोर दिला, तर आवाज वाढला आणि वेग उलट कमी झाला. मागचा लाकडांचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. उजव्या हाताला खडी पसरलेली एक सपाट जागा दिसली. तिथे तिने ते आत राहण्याची सोय असलेल्या मोटरहोमचं धूड कसंबसं आत घातलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

पाईनच्या झाडांतून वारा सुसाटत होता. तिचे हात मात्र अजून स्टिअरिंगला चिकटलेलेच होते.

"बेरी हव्यात, की नुसतीच जागा हवीय?"

खिडकीखाली एक तरुण उभा होता. त्याच्यामागे टेबलावर रानातल्या जांभळ्या हकलबेरीच्या टोपल्या मांडलेल्या. त्याची बोटं जांभळी, आणि गालावरही एक जांभळा फराटा.

"जागा," ती म्हणाली. "आणि असला तर एक नवा गिअरबॉक्स."

"तो आत्ताच संपला," तो गंभीरपणे म्हणाला. "बेरी आहेत."

एरवी ती हसली असती. आज तिला खाली उतरून चाकाशी तोंड लपवावंसं वाटत होतं. सकाळीच तिने गिअरबॉक्सचं तेल तपासलं होतं. तेल मोजायच्या पट्टीवर खुणेच्याही वर होतं तेल. म्हणजे तेलाचा प्रश्न नाही. म्हणजे गिअरबॉक्सच गेला. आणि तो बदलायचा तर या म्हाताऱ्या गाडीपेक्षा तोच महाग पडणार. समुद्र राहिला ओरेगॉनला, आणि ती नि तिचे बाबा अडकले मोंटानाच्या घाटात.

समुद्र बाबांना बघायचा होता. आयनार सोल्बर्ग जन्मभर नॉर्थ डकोटाच्या गव्हाच्या शेतांत राबले. दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत राहिले. आता त्यांच्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं होतं, आणि हिवाळ्यानंतर उरलेली नजरही राहील की नाही, ते डॉक्टर सांगत नव्हते.

तरुणाने बेरींचा एक द्रोण वर धरला. "घ्या. रडण्याच्या बेतात असणाऱ्यांना फुकट."

"मी रडत नाहीये."

"बेतात म्हणालो."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बाबा कठडा चाचपत खाली उतरले. "मॅरिट, का गं थांबलो?"

"बेरी घ्यायला, बाबा."

"ऐन चढावर?" ते हसले. "डोळे गेलेत माझे, कान नाहीत गेले. गिअर घसरत होता. तेल बघितलंस?"

"सकाळी बघितलं. भरपूर आहे."

"इंजिन चालू होतं तेव्हा?"

"…बंद होतं."

बाबा दोन्ही हात कमरेवर ठेवून इतके मोठ्याने हसले, की झाडावरचा पक्षी उडाला. "अगं वेडे! इंजिन बंद केलं की वरचं सगळं तेल खाली येऊन बसतं. मग पट्टी थापा मारणारच! गाडी गरम हवी, सपाट जागेवर हवी, इंजिन चालू हवं, आणि सगळे गिअर एकदा फिरवून आणायचे. मग बघायचं. तुझी आई ब्रेकवर बसायची, मी पट्टी ओढायचो, आणि तुझ्याकडे फडकं असायचं. विसरलीस?"

विसरली नव्हती. पण तिला फक्त फडकंच आठवत होतं.

"मग तुम्ही ब्रेकवर बसा, मी ओढते."

"माझा गुडघा भरवशाचा नाही," बाबा झटकन म्हणाले. त्या गुडघ्याबद्दल मॅरिट आज पहिल्यांदाच ऐकत होती. "या मुलाला बसव. काय रे, नाव काय तुझं?"

"हॉलिस, सर. पण मला गाड्यांतलं काहीच कळत नाही. मी खाली गावात शाळेत संगीत शिकवतो. बेरी फक्त सुट्टीच्या दिवशी."

"म्हणजे ताल कळतो. पुरे झालं."

मोटरहोमचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली होतं. मॅरिटने झाकण काढलं आणि तिथेच गुडघ्यांवर बसली. हॉलिस चालकाच्या जागेवर बसला. जागा एवढीशी, की त्याचा गुडघा तिच्या खांद्याला लागत होता. दोघांनीही आधी सॉरी म्हटलं. नंतर म्हणायचं सोडून दिलं.

"पाय ब्रेकवर. उचलायचा नाही, काही झालं तरी," ती म्हणाली. गेल्या कित्येक वर्षांत तिने अशी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या पायावर सोपवली नव्हती.

इंजिन चालू झालं. गरम हवेचा झोत तिच्या तोंडावर आला.

"आता रिव्हर्स… थांब. न्यूट्रल… थांब. हळू रे! घाई आहे का कुठे जायची?"

"मला? मुळीच नाही."

तिने वर पाहिलं. तो समोरच्या काचेकडे अगदी शहाण्यासारखा बघत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुझा पाय थरथरतोय," ती म्हणाली.

"इंजिनामुळे."

"इंजिन माझ्या हाताशी आहे. ते एवढं थरथरत नाहीये."

"मग… दुसऱ्या कशामुळे असेल."

सगळे गिअर फिरून लिव्हर पार्कवर आला. मॅरिटने लांबलचक पट्टी ओढली, पुसली, पुन्हा आत घातली. श्वास रोखून बाहेर काढली. पट्टी कोरडी ठाक. फक्त टोकाला एक थेंब.

"बाबा! काहीच नाही! तेलच नाही!"

"रंग सांग!" दारातून बाबा ओरडले.

"लाल. स्वच्छ लाल."

"आण इकडे." त्यांनी पट्टीचं टोक नाकाशी धरलं. "जळका वास नाही," बाबा सावकाश म्हणाले. "वाचला गिअरबॉक्स. नुसता उपाशी आहे."

मॅरिट पायरीवर मटकन बसली. तिच्या तोंडून काहीतरी फुटलं. हुंदका होता की हसू, तिलाच कळेना.

गळती हॉलिसला सापडली. इंजिन बंद केल्यावर तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावर लाल थेंब लोंबत होता. नळी आवळणारा पट्टा सैल झाला होता, बस्स. मॅरिटने तो आवळला. पलंगाखालच्या कप्प्यात बाबांनी तेलाच्या बाटल्या ठेवलेल्याच होत्या. पुन्हा इंजिन, पुन्हा हॉलिसचा पाय, आणि लांब नळीच्या नरसाळ्यातून थोडं थोडं तेल. जास्त झालं तरी पंचाईत. ओतायचं, बघायचं, पुन्हा ओतायचं. शेवटी पट्टीवर तेल बरोबर दोन खुणांच्या मधे आलं. या खेपेला मात्र हॉलिसचा पाय अजिबात थरथरला नाही.

"जा, वरपर्यंत नेऊन बघा," बाबा टेबलामागच्या खुर्चीत बसत म्हणाले. "दुकान मी सांभाळतो."

"तुम्हाला दिसत नाही, बाबा!"

"चव कळते ना? जा."

मॅरिट स्टिअरिंगवर, हॉलिस शेजारच्या सीटवर, आणि गाडी चढू लागली. पहिलं वळण, दुसरं वळण… मॅरिट ओठ चावत होती. सगळ्यात उभ्या चढावर गिअर अलगद पडला आणि गाडीने उभारी धरली, तेव्हा दोघंही एकदमच ओरडले. माथ्यावर तिने गाडी थांबवली. पश्चिमेकडे डोंगरांमागे डोंगर उतरत गेले होते, आणि रस्ता मोकळा होता.

तिचे डोळे वाहू लागले.

"आता रडतेस?"

"आता परवडतं."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांवर लाल तेल, त्याच्या बोटांवर जांभळा रस.

"एक सांगू?" तो म्हणाला. "रागावशील."

"सांग."

"तू पट्टी ओढत होतीस ना… तेव्हा मी मनात म्हणत होतो, गिअरबॉक्स खराब निघू दे. म्हणजे चार दिवस अडकशील इथे. मग तुझ्या बाबांचा चेहरा दिसला, आणि इतकी लाज वाटली! तेल लाल निघालं तेव्हा मीच हुश्श केलं."

ती समोरच्या डोंगरांकडे बघत राहिली. त्याचा चेहरा उतरत गेला. हात काढून घ्यावा की नाही, हेही त्याला ठरवता येईना.

"मला अडकून पडायला आवडत नाही, हॉलिस."

"हो… बरोबर आहे."

"आज रविवार. आम्ही समुद्रावर दोन आठवडे राहणार आहोत." तिने नाक पुसलं. "शनिवारी शाळा असते तुझी?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "नाही."

"इथून एका दिवसाचा रस्ता आहे. पहाटे निघालास तर सूर्य बुडायच्या आत पोचशील."

"मी… येऊ?"

"मी काय उगाच रस्ता सांगतेय का तुला? ये."

हॉलिसने इतका लांब श्वास सोडला, की समोरच्या काचेवर वाफ धरली. मॅरिट खळखळून हसली, आणि हसता हसताच तिने त्याच्या गालावरच्या जांभळ्या फराट्यावर ओठ टेकले.