मागची डावी बाजू

कुणाला खोटं वाटत असेल तर सानगडीला या. गाडी आजही आमच्या अंगणात उभी आहे.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या आईचं, धुरपताबाईचं, डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा भंडारा. बसमध्ये तिचे हाल व्हायचे, म्हणून मी शहापूरहून सात सीटची जुनी गाडी घेतली. गाडीचे मालक यादोराव नुकतेच वारले होते. घरात सुतक होतं. आम्ही सुतक-बितक पाळत नाही. भर दुपारी चावी घेऊन निघालो.

आमच्याकडे एवढी मोठी गाडी रिकामी नेणं बरं दिसत नाही. सोबत आलेल्या आईने सवयीने यादोरावांच्या दारातूनच हाक दिली.

"गाडीत जागा हाये बापा. कोनाले यायचं असन त बसा."



यादोरावांची बायको हळूच म्हणाली, "सुतकाच्या घरून असं बोलवू नाही, बाई."

आई कसनुशी हसली.

लाखनीच्या अलीकडेच मागून आवाज सुरू झाला. टक... टक...

उतरून पाहिलं. आई उजवीकडे बसली होती.

आणि गाडी डावीकडे झुकली होती.

जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्तीच. लाखनीच्या विक्की मिस्त्रीने आधी शॉकर बदलला. मग स्प्रिंग. मग बुश. आईच्या औषधांचा पैसा गाडी खात होती आणि फरक काहीच नव्हता. मी त्याच्यावर चिडलो.

"संघपालभाऊ, मी काय करू? रिकामी गाडी एकदम सरळ हाये. माय बसली का झुकते."

"माय त उजवीकडे बसते ना बे."

 त्यानंतर त्याने गाडीला हात लावला नाही.

त्याच दिवशी परत येताना मी आरशात पाहिलं... आई खिडकीला चिकटून बसली होती. शेजारची जागा रिकामी.

"काहून अशी दबून बसली?"

"त्याहिले पाय लांब कराले जागा नाही पुरत."



"कोनाले?"

"यादोरावभाऊले. मीच बोलावलं ना. उतरा म्हनलं, त म्हनते, तुमच्या संगच उतरीन."

"घरी गेल्यावर उतरतोच ना आपन."

"तसं उतरनं नाही, बाबू."

आई अगदी शांतपणे बोलत होती. मला मात्र रडू आलं.

गाडी विकायचा विचार मी सोडला. दुरुस्तीही सोडली. लोक हसतात, गाडी वाकडी चालते म्हणतात. हसू देत.

दवाखान्याच्या दिवशी आई उजवीकडे बसते. मी दार लावतो आणि बाहेर थांबतो... डावी बाजू हळूहळू खाली बसते. यादोराव अजून उतरले नाहीत. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो.

गेल्या शुक्रवारी आई बसल्यावरही डावी बाजू बराच वेळ हललीच नाही.